विहिरीचा पिक्चर आणि सासूबाईंचं ताट

आमच्या कॉलनीतल्या विहिरीवर मी जो पिक्चर काढला तो अकरा मिनिटांचा आहे. त्यातली निदान तीन मिनिटं माझ्या अंगठ्याची आहेत. सूनबाई म्हणते, तीन नाहीत, एखादंच असेल. पण ती मला बरं वाटावं म्हणून बोलते. अंगठा चांगला मोठा आणि गुलाबी दिसतो, त्याच्या मागून विहिरीचा कठडा अधूनमधून डोकावतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, सूर्योदयच आला आहे.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी दिग्दर्शिका कशी झाले, त्याचं श्रेय कॉलनीच्या समितीला. विहिरीला वास येतो, डास होतात, तेव्हा त्यात मलबा टाकावा, वर सिमेंट घालावं आणि तिथे गाड्या उभ्या कराव्यात, असं तिनं ठरवत आणलं होतं. अध्यक्ष साहेब आमच्या यजमानांबरोबर फॅक्टरीत होते, त्याच साली रिटायर झाले. माणूस वाईट नाही, पण सपाट जमीन दिसली की त्यांना तिथे गाडी दिसते.

आम्ही जबलपूरला, अधारतालमध्ये घर बांधलं तेव्हा ही विहीर शेतातली होती. शेताचे प्लॉट पडले, विहीर मधोमध उरली, शेजारी एक जांभळाचं झाड उरलं. तिचं पाणी आम्ही प्यायलो आहोत. चहा त्या पाण्याचा असला की यजमान न सांगता ओळखायचे. गेल्या उन्हाळ्यात नळ आटले, टँकरपुढे बादल्या घेऊन रांगा लागल्या, तेव्हाही हिच्यात पाणी होतं. नुसतं घाण होतं. माणूस आजारी पडला म्हणून त्याच्यावर मलबा टाकतात का, असं मी कॉलनीच्या ग्रुपवर भलं लांबलचक लिहिलं. त्याला उत्तर म्हणून चार जोडलेले हात आले आणि एक गुलाबाचं फूल.

तेव्हा मी सूनबाईला म्हटलं, "लोक वाचत नाहीत ना? पाहतात तरी. आपण पिक्चर काढू."

सूनबाई इथलीच, जबलपुरी, माहेर सदरला. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदी, आणि चिडली की दोन्ही. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि मुलांसाठी फोनवर छोटे-छोटे व्हिडिओ बनवते, म्हणजे आमच्या घरातली ती एकटीच जाणकार. ती म्हणाली, "मम्मी जी, कहानी क्या है?"

"कहाणी ही की विहीर चांगली आहे आणि लोक वाईट."

"कौन से लोग?"

"बाहेरचे," मी म्हटलं.

हे 'बाहेरचे' फार सोयीचे असतात. पलीकडच्या लॉनवर लग्नं होतात, तिथल्या पत्रावळी वाऱ्यानं येतात. कोपऱ्यावर चहाची टपरी आहे, तिचे कप येतात. मी दोन दिवस फिरून-फिरून पत्रावळी आणि कप शूट केले. एका कपाचे तर मी सात शॉट घेतले, इतका तो मला खलनायक वाटत होता.

विहिरीच्या आतला शॉट हवा होता. मी वाकून फोन धरला तर सूनबाईनं मागून माझा पदर धरला आणि ओरडली, "मम्मी जी, आप जाएँगी तो जाएँगी, फोन की किस्त बाकी है!" मग मी अक्कल लढवली. लोणच्याची प्लॅस्टिकची पारदर्शक बरणी घेतली, तिच्यात रुमाल कोंबून फोन उभा बसवला, झाकण घट्ट लावलं, गळ्याला दोरी बांधली आणि सावकाश खाली सोडली. बरणी मी चांगली घासली होती, तरी तेल राहिलंच. त्यामुळे तो शॉट असा मऊ, धुरकट, स्वप्नातल्यासारखा आला आहे. विहिरीच्या भिंतीवरचं शेवाळ, दगडांच्या फटीतली एक फर्न, आणि खाली पाण्यावर तरंगणारे नारळ, थर्माकोल, फोटोंच्या चौकटी. सूनबाई म्हणाली, असा सॉफ्ट फोकस विकत घ्यायला लोक पैसे मोजतात. फोनला महिनाभर कैरीच्या लोणच्याचा वास येत होता, तो वेगळा.

तर त्या शॉटमध्ये सूनबाईनं फोन थांबवला आणि बोटानं चित्र मोठं केलं.

"मम्मी जी, ये तो गणपती का मखर है ना? और ये भी. शादी वालों का सामान तो कहीं है ही नहीं."

"असेल खाली."

"पर इसमें विसर्जन शुरू किसने किया? आप लोग तो इतने पुराने हैं यहाँ."

मी म्हटलं, "कुकर लावायचा आहे," आणि उठले.

आता इथे मला त्या शहाणीची ओळख करून द्यायला हवी. शहाणी म्हणजे मीच, चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीची. दोन वेण्या सोडून नुकताच अंबाडा घालायला लागलेली, आणि आपल्याइतकं हुशार अख्ख्या मध्य प्रदेशात कोणी नाही अशी जिची पक्की समजूत होती ती. तिला पिक्चरचं भयंकर वेड. सासूबाईंना पिक्चरचं नाव काढलेलं चालत नसे.

आमचा गणपती दीड दिवसाचा. त्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी यजमानांना अचानक ओव्हरटाइम लागला. सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्या म्हणाल्या, "तू एकटीच टेम्पोनं ग्वारीघाटला जाय, नर्मदामायमधे नीट शिरव, अन् पाटावर मूठभर वाळू घेऊन ये." विसर्जन झालं की रिकाम्या पाटावर पात्रातली वाळू घरी आणायची, घरभर टाकायची, थोडी धान्याच्या डब्यात, हे आमच्याकडे चालत आलेलं. गणपती बसवला होता सासूबाईंच्या स्टीलच्या ताटात. दोन जरीच्या साड्या बोहारणीला देऊन घेतलेलं ते ताट, काठावर मशीननं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं, सौ.पासून विदर्भातल्या गावापर्यंत पूर्ण नाव. घरात त्या ताटाला माझ्यापेक्षा जास्त मान होता.

अधारतालहून ग्वारीघाट म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. आणि तीनच्या शोला नवा पिक्चर लागलेला. शहाणीनं हिशेब केला: घाटावर गेलं तर पिक्चर बुडतो, पिक्चरला गेलं तर गणपती बुडत नाही. मग ती डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळली, जांभळाखाली आली, इकडे-तिकडे पाहिलं. विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. 'पुढच्या वर्षी लवकर या' इतकं हळू म्हणाली की देवालाही वाकून ऐकावं लागलं असेल. आणि ताट तिरपं केलं. गणपती गेला. त्याच्या मागून हातातलं ताटही गेलं. गोल-गोल फिरत, उन्हात दोनदा चमकून, अगदी शांतपणे.

कोणी समंजस बाई असती तर तिथेच रडत घरी गेली असती. शहाणी पाट काखेत मारून पिक्चरला गेली. जमवलेली दुपार वाया जाऊ नये म्हणे! पिक्चर काही आठवत नाही. तीन तास ती फक्त ताट पाहत होती. येताना पाटावर वाळू हवी म्हणून वाटेतल्या बांधकामावरच्या ढिगाऱ्यातून मूठभर उचलली. सासूबाईंनी ती कपाळाला लावली, डोळे मिटले आणि गव्हाच्या डब्यात टाकली. त्यात सिमेंट होतं की नव्हतं ते मला आजही माहीत नाही. त्या वर्षी आमच्या पोळ्या मात्र कडक व्हायच्या.

"अन् ताट?" सासूबाईंनी विचारलं.

शहाणीला पटकन जे सुचलं ते तिनं सांगितलं. "ताट वहिनींकडे राहिलं. येताना त्यांच्या ओट्यावर प्रसाद ठेवून आले ना."

वहिनी म्हणजे शेजारच्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, नागपूरकडच्या, हसल्या की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणाऱ्या. आमच्यात ताटांची, वाट्यांची येजा सतत चाले, रिकामं भांडं कोणी परत करत नसे. सासूबाई ताट मागायला गेल्या. वहिनींनी घर उलथंपालथं केलं. सापडणार कुठून? सासूबाई तोंडानं काही म्हणाल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांचा पाय वहिनींच्या उंबऱ्याला लागला नाही. महिन्याभरानं वहिनींनी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून तस्संच ताट आणलं, त्यावर सासूबाईंचं नाव कोरून घेतलं आणि आणून दिलं. सासूबाईंनी घेतलं. मी स्वयंपाकघरात उभी होते. कांदा चिरत होते, त्यामुळे माझ्या डोळ्यांचं कोणाला नवल वाटलं नाही.

हे एक. दुसरं त्याहून मोठं, पण त्या वेळी ते मोठं वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षी यजमानांना पुन्हा वेळ नव्हता, आणि शहाणीनं भटजींना विचारलं, विहिरीत विसर्जन चालतं का? भटजींच्या तोंडात मोदक होता. ते "हूं" म्हणाले. शहाणीनं ते "हूं" घरोघर पोचवलं. भटजी म्हणाले, चालतं! सगळ्यांनाच ग्वारीघाट लांब पडत होतं. तेव्हापासून आमच्या गल्लीचे गणपती, मग गौरी, मग निर्माल्य, मग मखरं, मग ज्यांच्या काचा फुटल्या ते देव, सगळं तिथेच. मूर्ती मातीच्या होत्या तोवर पाण्यानं सोसलं. मग प्लास्टरच्या आल्या, ऑइलपेंटच्या आल्या. एक दिवस आमच्या घरात विहिरीच्या पाण्याचा चहा होईनासा झाला. कोणी कारण विचारलं नाही. नळ आले होते.

परत पिक्चरकडे येते.

समितीची बैठक रविवारी होती. त्या आधीच्या सोमवारी सूनबाईनं कल्पना काढली: विहीर साफ होताना दाखवू. साफ होऊ शकते हे दिसलं की लोक मलबा टाकणार नाहीत. अध्यक्ष साहेबांनी परवानगी दिली, वर म्हणाले, "भाभी जी, निकालिए, निकालिए. जितना निकलेगा उतना हमारा केस मज़बूत होगा."

विहिरी उपसणारे दोघं आले. पंप लावला, पाणी उतरलं, एक जण दोरानं खाली गेला, दुसरा वर बादली ओढत राहिला. अर्धी कॉलनी गोळा झाली. वहिनींसाठी मी जांभळाखाली खुर्ची ठेवली होती. आता त्यांनाही गुडघे आहेत. शिवाय पिक्चरला आवाज त्यांचा घेत होतो, थोडा आदल्या दिवशी घेऊनही झाला होता, कारण माझा आवाज फोनमध्ये भाजीवाल्यासारखा येतो. फोन सूनबाईच्या हातात. मी शेजारी उभी राहून उगीचच "हां, घे, घे," करत होते.

नारळ आले. चौकटी आल्या. हिरव्या बांगड्या घातलेला एक कलश आला. हात नसलेले, सोंड नसलेले गणपती आले, ते पाहून काही जणांनी चपला काढल्या. मग नुसता गाळ, काळा, बादलीमागून बादली. आणि एका बादलीत काहीतरी वाजलं.

वरच्या माणसानं ते काढलं, पाण्याखाली धरलं, पंजानं पुसलं. चमकायला लागलं. स्टील ते, त्याला काय होतं! बेचाळीस वर्षं चिखलात बसून माझ्यापेक्षा बरं दिसत होतं.

"इसपे कुछ लिखा है," तो म्हणाला. आणि अडखळत, मोठ्यानं, सासूबाईंचं नाव वाचलं. सौ.पासून गावापर्यंत.

वहिनी खुर्चीतून पुढे झुकल्या. "हे तं ते ताट होय ना वं?"

मी काय करावं? अडुसष्ट वर्षांची बाई, विहीर वाचवायला निघालेली, समोर कॅमेरा. मी म्हटलं, "हो की! सासूबाईंच्याच हातून पडलं असेल कधी विसर्जनाच्या वेळी. त्यांच्या लक्षात नसेल."

गेलेल्या माणसावर घातलं. शहाणी मेली नव्हती तर. तिचे फक्त केस पांढरे झाले होते.

वहिनी खुर्चीचा हात धरून उठल्या. म्हणाल्या, "मी जातो घरी. ऊन लागून राहिलं." आणि हळूहळू गेल्या.

दुपारी सूनबाईनं सगळं शूटिंग तिच्या लॅपटॉपवर लावलं. मी शेजारी शेंगा सोलत बसले होते. ताटाचा शॉट आला. तिनं फोन हलू दिला नव्हता. आधी ताट, मग वहिनी, मग मी. मी स्वतःला इतक्या जवळून खोटं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. आरशात माणूस खोटं बोलत नाही, त्याला तिथे ऐकणारं कोणी नसतं. माझा डावा हात पदराचं टोक पिळत होता, पिळत होता, जसा मी ओला पंचा पिळते. आणि मागे, जरा धूसर, वहिनींचा चेहरा. मी बोलत असताना त्या ताटाकडे पाहत नव्हत्या. जमिनीकडे पाहत होत्या, काहीतरी आठवल्यासारख्या.

सूनबाईनं तिथे थांबवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. स्क्रीनकडेच पाहत म्हणाली, "मम्मी जी, ये वाला शॉट रखूँ कि काटूँ?"

"काप," मी म्हटलं.

"ठीक है." तिनं कापला. मग सगळं पुन्हा लावलं. कप, पत्रावळी, टपरी, लॉन, बरणीतला शॉट, गाळ, रिकामी स्वच्छ विहीर. वर वहिनींचा आवाज: 'बाहरी लोगों ने...' पाहून झालं.

"कैसा लगा?" सूनबाईनं विचारलं.

मला तो पिक्चर ओळखीचा वाटला. नीट चाललेला, सफाईदार, आणि ताट वहिनींकडे असल्याचं सांगणारा. टपरीवाल्यानं काय केलं होतं हो माझं? चार कप. आणि रविवारी कोणीतरी उठून विचारलंच असतं, की गणपती काय टपरीवाला बसवतो का? मग विहीर गेलीच.

मी शेंगांची परडी खाली ठेवली, विहिरीवरून घरी आणलेलं ताट उचललं आणि वहिनींकडे गेले. सूनबाई दारापर्यंत आली. "मम्मी जी, मैं चलूँ?" मी म्हटलं, नको. हे शूटिंग नाही.

वहिनी पलंगावर बसल्या होत्या, समोर टीव्ही चालू, आवाज बंद. मी ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. पिक्चर, वाळू, प्रसाद, "हूं", सगळं. मधे थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते.

सांगून झाल्यावर त्यांनी ताटाच्या काठावरून अंगठा फिरवला. त्या ओरडतील असं मला वाटत होतं. मला ते चाललं असतं. त्या म्हणाल्या, "कोणता पिच्चर होता?"

"आठवत नाही वहिनी."

"आठवतच नाही? मग पाहाले गेलीच काहून?"

मी पलंगाच्या कडेला टेकले.

"मले वाटलं माह्या नणदेनं नेलं," त्या म्हणाल्या. "तेव्हा ती माह्याकडं होती ना बाळंतपणाले. मी मनात म्हटलं, हिनंच पेटीत घातलं असन. मी तिले काही म्हटलं नाही. पण मनात ठेवलं वं. तिच्या पोरीच्या लग्नात मी साडी दिली, तं हलकी दिली. मुद्दाम हलकी." त्यांनी ताट उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "बेचाळीस वर्षं मी त्या बाईच्या घरी जेवाले बसली का पहिले ताटाचा काठ पाहतो. नाव आहे का म्हणून."

आणि मग त्यांना हसू आलं. आधी नुसते खांदे हलले, मग ते त्यांचं गल्लीच्या टोकापर्यंतचं हसू. मला वाटलं रडताहेत. मीच रडायला लागले. त्यांनी माझ्या दंडाला इतका जोरात चिमटा काढला की तीन दिवस निळं होतं.

"अन् गव्हात सिमेंट टाकलं तुनं? त्या माऊलीच्या?"

"वाळू होती. बहुतेक वाळूच."

"त्याच्यानंच गुडघे घट्ट झाले असतील तिचे!" पुन्हा हसू. मग पदरानं डोळे पुसून, एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "हे टाक पिच्चरमधे."

"वहिनी!"

"टाक म्हणतो ना. मी त्या चहावाल्याची बदनामी करणारा आवाज नाही देत. एकदा माह्यावर चोरी आली तं मले समजते कसं वाटते. सूनेले बोलाव. मी विचारतो अन् तू सांग. कॅमेऱ्यासमोर."

तसा तो शेवटचा भाग झाला. पलंगावर दोन म्हाताऱ्या, मधे ताट. वहिनी सासूबाईंच्या थाटात विचारतात, "अन् ताट?" आणि मी सांगते. सूनबाईचा हात हसून-हसून हलला, ते दिसतं. कप आणि पत्रावळी सगळ्या कापल्या. माझा अंगठा राहिला, कारण त्याशिवाय लांबी पुरत नव्हती.

रविवारी संध्याकाळी मंदिराच्या ओसरीत चादर लावली. सूनबाईनं शाळेतून प्रोजेक्टर मागून आणला होता. मी शेवटच्या ओळीत, चपला हाताशी ठेवून बसले, म्हणजे निघता यावं. बरणीतल्या शॉटला कोणीतरी "वाह" म्हटलं. तुटके गणपती आले. आणि मग ते ताट, आणि मी, चादरीवर दहा फूट उंच, पदर पिळत खोटं बोलणारी. सूनबाईनं तो कापलेला शॉटही परत घातला होता, न विचारता. त्याच्या पाठोपाठ मी, खरं सांगणारी. मोदकाच्या "हूं"ला हशा झाला. सिमेंटच्या गव्हाला तर इतका झाला की पुढची दोन वाक्यं कोणाला ऐकूच आली नाहीत. मी चपला दूर सरकवल्या.

दिवे लागले. आता अध्यक्ष साहेब म्हणणार, देखा, इन्हीं लोगों ने, आणि विषय संपणार, असं मला वाटलं. ते उठले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वो जो हरी चूड़ियों वाला कलश निकला था न," ते म्हणाले, "वो हमारे घर का है. अम्मा के नवरात्र वाले जवारे हम भी यहीं सिराते थे. भाभी जी को देख के ही शुरू किया था, पर सिराया तो हमने ही."

मग काय, धरणच फुटलं. एकीनं सांगितलं, सासऱ्यांचा फोटो कुठे टाकावा कळेना म्हणून. एकानं सांगितलं, वाहनपूजेच्या माळा. एक जण म्हणाला, परीक्षेची गुणपत्रिका. त्याची बायको शेजारीच बसली होती, तिला ते तिथे कळलं. टपरीवाला मागे उभा होता. तो म्हणाला, "हमारा तो एक कप भी नहीं दिखाया दीदी ने," आणि मी त्याच्याकडे पाहू शकले नाही. सात शॉट अजून सूनबाईच्या लॅपटॉपमध्ये होते.

मलबा टाकायचं रद्द झालं. म्हणजे समितीच्या भाषेत 'फिलहाल' रद्द झालं, पण आमच्याकडे फिलहाल बराच काळ टिकतो. कठड्यावर लोखंडी जाळी बसली. शेजारी एक मोठा हौद बांधला, मातीच्या लहान मूर्तींसाठी. मखराला कागद, नाहीतर काही नाही. पाणी अजून पिण्यासारखं नाही. सूनबाईनं तपासायला दिलं होतं, ती म्हणते, झाडांना चालेल, बाकी धीर धरा. मी धरते. मला सवय आहे, मी बेचाळीस वर्षं धरला.

यंदा आमचा गणपती हौदात विरघळला. तासभर बसून पाहिला मी तो विरघळताना, आधी बोटं, मग कान. रिकाम्या पाटावर काय न्यावं ते कळेना, तेव्हा वहिनींनी हौदातलाच चिमूटभर गाळ ठेवला आणि म्हणाल्या, "धान्याच्या डब्यात नको टाकू. तुह्या हातचं काही सांगता येत नाही."

वहिनींनी नणदेला फोन केला होता. नणंद पाऊण तास बोलली. काय बोलली ते वहिनी सांगत नाहीत, पण दिवाळीला तिला चांगली साडी गेली आहे. मी पाहिली, जड होती.

राहता राहिलं ते ताट. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही भरपाईचं दिलेलं ताट मी इतकी वर्षं वापरते आहे, ते तरी परत घ्या. त्या म्हणाल्या, "ते राहू दे तुह्याकडंच. तुह्या सासूचं नाव आहे त्याच्यावर." आणि विहिरीतलं, खरं, त्यांनी उचलून आपल्या फळीवर उभं लावलं. "हे माह्याकडं राहीन. याचे पैसे मी तवाच देले."

चहाला गेले की ते मला समोर दिसतं. सासूबाईंनी आता येऊन विचारलं, अन् ताट?, तर मी पदराला हात न लावता सांगू शकते, वहिनींकडे आहे.